तुझ्या हनुवटीवरच्या पायऱ्या

महाड,
२१ जानेवारी २००४

प्रिय बिलाल,

गेल्या आठवड्यात तुला घरून सात फोन आले आणि सातही जणांनी तुझ्या तोंडाला काय झालंय ते विचारलं, असं तुझ्या अम्मीकडून कळलं. त्यांनी कारण नीट सांगितलेलं नसणार. म्हणून आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. ६ तारखेला माझ्या मामूंच्या स्टुडिओच्या ई-मेलवर तुझा फोटो आला. रुंदी २४० ठिपके, उंची ३२०. सोबत एक ओळ: 'अफरीन, हा मोठा करून अम्मीला दे.'
२. ७ तारखेला मी तो आठ बाय दहा इंचांचा केला. म्हणजे दोन्ही बाजूंनी दहापट, वरखालून थोडा कापून.
३. ८ तारखेला तुझ्या रहिमा खाला तो घेऊन गेल्या.
४. ११ तारखेला, रविवारी, त्यांनी तो पोलादपूरला नशरा नावाच्या मुलीच्या घरी दाखवला. तुझ्यासाठी मागणी घालायला.
५. १३ तारखेला तिकडून नकार आला.
६. १४ पासून तुला फोन सुरू झाले.
७. तुझ्या तोंडाला काहीही झालेलं नाही. फोटोला झालं होतं. तो मी केला होता.

आता सविस्तर. तुझा फोटो फार लहान होता. मेल लवकर जावा म्हणून तू तो लहान करून पाठवलास, हे उघड आहे. त्यात ७६,८०० ठिपके होते आणि मला छापायला ७२ लाख हवे होते. उरलेले प्रोग्राम स्वतः तयार करतो आणि त्यांना रंग कसे द्यायचे ते आपण सांगायचं असतं. तीन पर्याय असतात. पहिल्यात तो सगळ्यात जवळच्या ठिपक्याचा रंग जसाच्या तसा उचलतो, त्यामुळे एका ठिपक्याचा मोठा चौकोन होतो आणि जिथे रेघ तिरपी किंवा गोल असेल तिथे जिना तयार होतो. तिसऱ्यात तो आजूबाजूच्या सोळा ठिपक्यांचा विचार करून मधला रंग काढतो, म्हणून कडा मऊ येते. माणसांच्या फोटोला मी नेहमी तिसराच वापरते. त्या सकाळी मात्र माझ्या अम्मीसाठी भरतकामाचा नमुना मोठा केला होता. त्यात चौकोन चौकोनच राहायला हवेत, तेव्हा पहिला पर्याय बरोबर असतो. तो तसाच राहिला आणि त्यानंतर तुझा नंबर लागला.

परिणाम असा झाला की तुझ्या हनुवटीला डाव्या कानापर्यंत पायऱ्या आल्या. मी मोजल्या, एकवीस होत्या. मिशीची चेन झाली. पोलादपूरला फोटो आधी बायकांच्या हातात फिरला. मग नशराच्या मामूंनी तो दारात उजेडाला नेला. ते ट्रक चालवतात. रहिमा खालांनी मला त्यांची नक्कल करून दाखवली. मामू म्हणाले, "हे टाके हायत. माझ्या खांद्यावर आंबेनळी घाटातले चौदा हायत, मला टाके वळखायला शिकवू नका." खाला म्हणाल्या, "अवो, पोरगा हाफिसात बसतो, त्याला टाके कशाला पडतील?" त्यावर मामू म्हणाले, "तिकडनं समदे हाफिसातच सांगतात. आमचा मेहुणा पण हाफिसातच होता. हात मोडून आला तेवा कळला, क्रेनवर होता." खरं सांगायचं तर, परदेशातून येणाऱ्या प्रत्येक 'मी मजेत आहे' मागे काय असेल, हे इथे सगळेच मनातल्या मनात तपासत असतात. त्यामुळे महाडला परत येईपर्यंत खालांनाही ते टाके दिसायला लागले आणि तुझी अम्मी दोन दिवस जेवली नाही.

तू फोनवर हसलास, तेही तुझ्या विरुद्धच गेलं. "हसतोय म्हंजे लपवतोय," असा निकाल लागला.

मला हे सगळं १५ तारखेला कळलं. त्याच दुपारी मी फोटो पुन्हा केला. या वेळी तिसरा पर्याय, आणि एकदम दहापट न करता दर वेळी दहा टक्के, अशी पंचवीस पावलं. शेवटचं पाऊल लहान. मग कडांना अगदी थोडी धार. छापून तुझ्या अम्मीकडे नेला. त्यांनी आधी फोटोच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, मग मला विचारलं, "टाके तू पुसलेस तर नाय ना गो?" मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून ठिपक्यांचं गणित सांगितलं. गणित त्यांना पटलं असं वाटत नाही, पण त्या जेवल्या. तोच फोटो या पत्रासोबत पाठवते आहे. तुझा चेहरा जाग्यावर आहे, याची खात्री करून घे.

रविवारी मी पोलादपूरला जाऊन नशराला भेटले. चूक माझी होती तर ती मीच सांगायला हवी होती. नीट केलेला फोटो तिला दाखवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "बरा हाय की. पण राहू दे गो, आता घरात परत विषय नको. मला डी.एड. पुरं करायचंय, मामूंच्या टाक्यांनी दोन वर्षं मिळाली." मग तिने पायऱ्यांवाला फोटो मागून घेतला. मैत्रिणींना दाखवायला.

तुला नववीतला नकाशा आठवतो का? रायगड जिल्हा, चौकोन आखून चौपट मोठा करायचा होता. तू प्रत्येक चौकोनातून सरळ रेघ ओढलीस आणि श्रीवर्धनपासून वर सगळा किनारा काटकोनात गेला. सरांनी वर्गापुढे धरून विचारलं, "बिलालशेठ, हा समुद्र आहे की मशिदीचा जिना?" मधल्या सुट्टीत मी तो पेन्सिलने गोल करून दिला. तुला दहापैकी सात मिळाले, मला सहा. तू ते सात महिनाभर सांगत फिरलास. मी कोणाला काही सांगितलं नाही. तुझ्या कडा नीट करण्याचा अनुभव मला तेव्हापासून आहे. म्हणूनच या वेळची चूक मला कोणाच्याही गळ्यात घालता येत नाही.

आणखी एक दिवस आठवतो. तू गेलास तेव्हा वीर स्टेशनवर तुला सोडायला एका रिक्षात सहा जण आले होते आणि सातवी मी, कारण माझ्या मामूंनी निघताना तुमच्या सगळ्यांचा फोटो काढायचा म्हणून मला फ्लॅश धरायला नेलं होतं. गाडी सुटताना तू म्हणालास, "फोटो पाठवीन." कोणाला म्हणालास ते कळलं नाही, कारण माझ्या दोन्ही बाजूंना तुझे नातेवाईक होते. साडेतीन वर्षांनी पाठवलास तो हा, २४० बाय ३२०, अम्मीला देण्यासाठी.

आता वरच्या यादीत जे लिहिलं नाही ते. पर्याय चुकला ती चूक होती. पण छापलेला फोटो रात्रभर नव्हे, चांगला एक दिवस माझ्या टेबलावर होता. एकवीस पायऱ्या मी मोजल्या त्या नंतर नाही, तेव्हाच. त्याआधीच रहिमा खालांचा निरोप आला होता की फोटो मोठ्या पाकिटात घाल, मुलीकडे न्यायचा आहे. पुन्हा करायला दहा मिनिटं लागली असती. मी तो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि वर तुझं नाव लिहिलं. का, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

हे कळवायची घाई एवढ्यासाठी की परवा रहिमा खाला आमच्या घरी आल्या होत्या. चहा घेतला आणि अम्मीला म्हणाल्या, "आता बाहेर कुठं तोंड दाखवायचं नाय पोराचं. तुमच्या अफरीनला तरी म्हायती हाय ते सरळ हाय. ईदेच्या आधी काय ते बोला." अम्मी माझ्याकडे बघून हसली आणि मी आत जाऊन कपबशा धुतल्या. माझं उत्तर तयार आहे. पण ते देण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पोलादपूरची मागणी कोणामुळे मोडली, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं; ते आता कळलं. आणि फोटो कशासाठी मागितला होता हे तुला माहीत होतं का, आणि आता खाला ज्या घरी विचारत आहेत तिथे विचारावं असं तुला स्वतःला वाटतं का, हे मला तुझ्याकडून कळायला हवं. राग आला असेल तर तोही सांग. ई-मेल मामू उघडतात, म्हणून हे पत्र गनीचाचांच्या हाती देते आहे. ते शुक्रवारी तिकडे यायला निघतात, सुकटीच्या पिशवीत वरच असेल. होय असेल तर नवा फोटो पाठव, मूळ आकाराचा, लहान न करता. मेल जायला वेळ लागला तरी चालेल. मामू दुपारी दोन ते तीन जेवायला घरी जातात, तेव्हा स्टुडिओचा फोन मीच उचलते. शनिवार, ३१ जानेवारीपर्यंत त्या वेळात फोन करून उत्तर कळव.

साडेतीन वर्षांनीही तुझीच,
अफरीन