दुसऱ्याची ओ

१४ मार्च २००९, पिंपळगाव बसवंत

सुखरूप पोचलो. धाकट्या बहिणीने, आशाने, दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पुण्याहून आलो आहे, युद्धावरून नव्हे, असं मी नम्रपणे सुचवलं. मेहुणे दिनेशराव द्राक्षं परदेशी धाडतात. घरामागेच त्यांचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज. पाटीभर द्राक्षं समोर आली आणि मी प्रवासाचा शीण विसरलो.

पुरवणीच्या संपादकांना लेख हवा आहे. जग बुडाल्यावर मूठभर पोरं एकमेकांच्या जिवावर उठून जगतात, असल्या गोष्टींवर हल्लीची मुलं का तुटून पडतात? माझी भाची वेदिका अकरावीत आहे आणि तिच्या उशीखालीसुद्धा जगबुडीच आहे. म्हणजे संशोधन घरबसल्या. संस्कृत शिकलेल्या माणसाला या जन्मी याहून चांगली नेमणूक मिळायची नाही.

१६ मार्च

आज कोल्ड स्टोरेज पाहिलं. वीतभर जाडीचं दार, आत पेट्यांच्या भिंती, पंख्यांची घरघर. दिनेशरावांनी दाराच्या आतला दांडा ढकलून दाखवला. चुकून कोणी अडकलाच तर त्याने उघडायचं. द्राक्षांना उजेड चालत नाही, म्हणून दार लावलं की दिवाही घालवायचा. बटण बाहेर.

दार लावण्याआधीची पद्धत मला फार आवडली. अक्काबाई, पेठ तालुक्यातून हंगामाला येणाऱ्या बायांची मुकादम, उंबऱ्यात उभी राहून एकेकाला नावाने हाक मारते. ज्याची त्याने बाहेरून ओ द्यायची, मगच दार लागतं. पाहुण्यालाही सूट नाही. “मामा” अशी हाक आली तेव्हा मी घसा खाकरून “उपस्थितोऽस्मि” म्हणालो. बाया हसून लोळल्या. आता हे रोजचंच होणार असं दिसतं.

१९ मार्च

वेदिका आणि तिचा वर्गमित्र अमोल मिळून गोष्ट लिहितात, हे आज कळलं. जग संपलंय, काही मुलं द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दडलीत, आणि आतला दांडा काढून ती कोणा एकाला कोंडतात. दांडा कोण काढील, घरचीच मुलं? हे पटत नाही, असा शेरा मी मारला. वेदिकाने तो शेरा वहीत टिपून घेतला.

असल्या गोष्टींत तुम्हाला एवढं काय सापडतं, असं विचारल्यावर ती लगेच बोलली. तिचे शब्द तसेच टिपतो, लेखाला कामी येतील.

“मामा, बाकी सगळीकडे सगळे चांगलं असल्याचं सोंग करतात. इथे दार लागलं की कळतं.”

मी म्हणालो, मग माझी काळजी नको, माझं दार तू उघडशीलच. ती हसली. हसणं अगदी तिच्या आईसारखं.

२२ मार्च

मी हात धुवायला गेलो असताना अक्काबाईची हाक झाली आणि अमोलने माझ्या आवाजात, खाकरण्यासकट, “उपस्थितोऽस्मि” ठोकून दिलं. मलाच क्षणभर वाटलं की मी तिकडे उभा आहे. अक्काबाईला मात्र हसू आलं नाही. “दुसऱ्याची ओ देयाची नाय, पोरा. आत मानूस ऱ्हाला तर?” अमोलने कान पकडले. मी त्याला उच्चाराचे पैकीच्या पैकी गुण दिले.

दुपारी त्यांच्या गोष्टीचा शेवट ऐकला. भीती खोटी वाटते, असं स्पष्ट सांगितलं. आत कोंडलेला माणूस भाषण करतो, त्याचं अंग काही बोलतच नाही. मग मी आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ म्हणजे जागीच थिजणं, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कापरं, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणं, अश्रू आणि आठवा प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं. आठवा स्वतःचा स्वतःला लिहिता येत नाही, तो दुसऱ्यानेच लिहायचा. वेदिकाने विचारलं, बाकीचे सात माणूस स्वतः लिहू शकतो ना? हुशार आहे पोर.

२६ मार्च

उद्या पाडवा. हंगामातला शेवटचा माल आत लागला की बाया गावी, मग सुटी संपेपर्यंत दार उघडायचं नाही. मीही दुपारच्या एसटीने निघतो. आशा दिनेशरावांबरोबर नाशिकला खरेदीला गेली, निरोप सकाळीच झाला. पोरांनी आग्रहाने माझी बॅग, मोबाइलसकट, स्टँडवर पोचवली आहे. निघण्याआधी मामांनी एकदा आत, अगदी मागच्या कोपऱ्यात उभं राहून थंडी अनुभवावी आणि शेवट सुधारून द्यावा, ही वेदिकाची विनंती. ती दारात थांबणार आहे. भाचीचा हट्ट, ही वही घेऊन जाऊन येतो.

त्याच दिवशी, आत

दार लागलं आहे.

पेट्यांच्या मागे होतो. हाका ऐकू येत होत्या. “मामा” अशी हाक आली. मी तोंड उघडायच्या आत बाहेर कोणीतरी घसा खाकरला.

माझाच आवाज. बाया हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसलो. तेवढ्यात—

दांडा नाही. त्याच्या जागी भोक आहे. बोट घालून पाहिलं.

हाका मारून झाल्या. पंखे माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतात. अक्काबाईची गाडी गेली असणार. आशाला वाटेल मी एसटीत आहे. पुण्यात वाटेल मी आशाकडे आहे.

वेदिका दारात होती. अमोलचं समजू शकतो. पण ती दारात होती.

नंतर

एक गोष्ट आत्ता लक्षात आली. दार लावलं की दिवा घालवतात. दिवा चालू आहे.

कोणीतरी मुद्दाम चालू ठेवला आहे. मला लिहिता यावं म्हणून.

नंतर

लहानपणी हिला मांडीवर बसवून गोष्टी— कोणी घातली ही गोडी? मीच विचारत आलो होतो, का आवडतात—

वेदिका, वाचशील तेव्हा. स्तंभ झाला, दाराशी. स्वेद इथे शक्य नाही, तो खोडून टाक. रोमांच झाला. स्वरभंग झाला. वेपथू, अक्षर बघ. वैवर्ण्य, नखं निळी. अश्रूंचं लिहिणार नाही, ते आईला सांगू नकोस—

भीती खरी आहे. पैकीच्या पैकी. आता उघड.

उघड ना बाळ

दिवा गे— आला. कोणीतरी आहे बाहेर. बटणावर हात—

बसलो आहे. पेन बोटांत राहत नाही. सात झाले. आठवा तुझ्या