भिंतीला भोक पाडण्याची हकीकत

क्वाहू, डोंगरावरच्या घरातून
फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार

चि. क्वाजो,

तुला मामाचा आशीर्वाद. तो हँबुर्गला निघालेल्या पाद्रीबाईंच्या पिशवीत, सुक्या माशांच्या पुडक्याला लागून ठेवलेला आहे, तेव्हा पोचल्यावर जरा वाऱ्यावर धरावा आणि मगच घ्यावा. तुझी पाठ कशी आहे? सूनबाई कशी आहे? लेओन सहा वर्षांचा झाला, त्याचे दात पडायला लागले का, की तिकडे दातांनाही आधी वेळ ठरवून घ्यावी लागते? आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा होता तिथेच आहे. तुझ्या आईची प्रकृती उत्तम असून ती माझ्याशी दिवसातून दोनदा भांडते. एकदाच भांडली तर मी तिच्या कपाळाला हात लावून बघतो.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ‘मामा, थोडक्यात’ म्हणतोस, आणि मी बत्तीस वर्षं कोको खरेदी केंद्रावर वजनं केलेला माणूस आहे. पोतं पूर्ण काट्यावर चढल्याशिवाय आकडा सांगायची मला सवय नाही. डिसेंबरात तू निरोप पाठवलास की गावात फायबर, म्हणजे इंटरनेटची वायर, येतेय, ताबडतोब घरात जोडून घ्या, सगळी व्यवस्था मी इथून करतो, मग दर रविवारी आपण एकमेकांना डोळ्यांनी बघू आणि या ईस्टरला उगीच एवढ्या लांब यायची धावपळ नको. मी तो तुझ्या आईला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती केळी सोलत होती. तिने घड संपेपर्यंत सोलली, म्हणजे आम्ही दोघं खातो त्याच्या चौपट, आणि मग म्हणाली, ‘बरं.’ गेली नऊ वर्षं आम्ही तुझी कारणं जपून ठेवली आहेत: आधी कागदपत्रं नव्हती, मग कागदपत्रं झाली पण रजा नव्हती, मग रजा होती पण लेओन तान्हा होता. यंदा कारण म्हणून तू इंटरनेट पाठवलंस. मला वाईट वाटलं, हे एकदाच लिहितो आणि पुढे जातो.

फायबर खालच्या एनकॉकॉ गावाहून घाट चढून जानेवारीत वर आलं. पहिल्यांदा ते राजेसाहेबांच्या घरी गेलं, हे योग्यच झालं. मग चर्चमध्ये गेलं, आणि पाद्रीसाहेबांनी मयतांच्या सूचना आणि गायनमंडळाच्या सरावाची वेळ यांच्यामध्ये ते जाहीर केलं. आपल्या गल्लीत चर खणायचा दिवस कंपनीने शनिवार ठरवला. (शनिवारी या डोंगरावर मयताचे कार्यक्रम असतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण कंपनी राजधानीत, अक्र्यात बसते.) सेलोर्म नावाचा कंपनीचा माणूस कुदळवाल्यांना घेऊन आला, तर रस्त्यावर मांडव, मांडवाखाली तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांवर काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं. चर जिथून जायचा तिथे नेमकी मयताची बहीण बसलेली. सेलोर्म बिचारा टोपी काढून कडेला उभा राहिला. त्याला कोणीतरी खुर्ची दिली, मग ताटभर जेवण दिलं, आणि थोड्या वेळाने लाउडस्पीकरवरून ‘इंटरनेट कंपनीने दुःखात सहभागी होण्यासाठी खास प्रतिनिधी पाठवल्याबद्दल’ घरच्यांनी आभार मानले. मग त्याला उठून नाचावं लागलं. नाचला मात्र छान. चर सोमवारी खणला.

बुधवारी तो आपल्या दारात आला आणि फॉर्म काढून म्हणाला, ‘मालक कोण?’ मी म्हणालो, ‘बसा.’ हे काही उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. सेलोर्म व्होल्टा नदीकडचा, बापाचं घर मुलाला देणाऱ्या लोकांतला. त्याला मी समजावलं की आपल्यात घर आईच्या वंशात राहतं, मामाचा वारस भाचा होतो, आणि हे घर ओपारेमामांनी बांधलं, जे एकाहत्तर साली वारले, तेव्हा आता ते त्यांच्या बहिणींच्या सगळ्या लेकरांचं, नातवंडांचं, जी जन्मली त्यांचं आणि जी जन्मणार त्यांचंही. (माझ्या स्वतःच्या मुलांना यातलं काही मिळणार नाही, म्हणून ती माझ्याशी प्रेमाने वागतात. तू वारस आहेस, तू फोन करतोस.) त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘काका, फॉर्मवर एकच ओळ आहे.’

तिथेच घोडं अडलं. बरं, सही बाजूला ठेवू, आधी भोक पाडू म्हटलं, तर भोक कुठल्या भिंतीला? तीन मजले, एकवीस खोल्या, त्यातल्या एकोणीस खोल्यांना कुलपं. किल्ल्या अक्र्यात, कुमासीत, लंडनला, आणि एक किल्ली अशी की ती कोणाकडे आहे यावरून दोन माणसं बोलत नाहीत. ईस्टरच्या चार दिवसांत सगळी कुलपं निघतात आणि जिन्यावरही झोपायला जागा उरत नाही. बाकी वर्षभर घरात आम्ही दोघं आणि कुलपं. प्रत्येक भिंत कोणाच्या तरी खोलीची. सेलोर्म आपली करंगळी दाखवून म्हणे, ‘एवढंच भोक हो!’ त्याला काय ठाऊक? आपल्या घराण्यात एका खिळ्यावरून तीन वर्षं बैठका झालेल्या आहेत.

म्हणून कुटुंबाची बैठक बोलावली. तीही फोनवर, कारण माणसं कुठे आहेत? मी टेबलावर सात फोन मांडले, शेजारपाजाऱ्यांचे धरून. सातही फोनांतून पहिला अर्धा तास सगळे फक्त ‘ऐकू येतंय का?’ एवढंच बोलत होते आणि त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग तुझ्या लंडनच्या मावशीने मुद्दा काढला की भिंत डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी भोकाला संमती देणार नाही, मला भिंत दाखवा. भिंत दाखवायला चांगलं इंटरनेट लागतं. इंटरनेटला भोक लागतं. भोकाला मावशीची संमती लागते. मी हे तिला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, ‘मग दाखवा की!’

दुसऱ्या दिवशी अक्र्याहून आमचा मावसभाऊ आसियामा स्वतःच्या गाडीतून, स्वतःची मोजपट्टी घेऊन हजर झाला. (गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, आठवत असेल. गेल्या वर्षी छप्पर गळत होतं तेव्हा त्याला यायला सवड झाली नव्हती.) तळमजल्यावरची त्याची खोली त्याने उघडली, आत उंदीर होते, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाला, ‘क्वासी, तुला कशाला रे या वयात डोक्याला ताप? पेटी माझ्या खोलीत बसव, जोडणी माझ्या नावावर टाक, मोकळा हो.’ मी म्हणालो, ‘आसियामा, ताप मला सोसतो.’ उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ‘या घराची जोडणी माझ्या नावावर आहे’ असा कागद दाखवणारा पहिला माणूस कोण असेल, हे मला त्याच्या मोजपट्टीवरूनच कळलं होतं. दोन तास आम्ही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत भांडलो. शेवटी मोठ्या मामांना, म्हणजे आपल्या कुटुंबप्रमुख आमोआकोमामांना, त्यांच्या घरून खुर्चीसकट उचलून आणलं. वय एक्याण्णव. त्यांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ डोळे मिटले (आम्हाला वाटलं झोपले) आणि निकाल दिला: ‘घर ओपारेंचं. नाव ओपारेंचंच घाला.’

यावर कोणाचंही काही म्हणणं नव्हतं. आसियामालाही मेलेल्या माणसाविरुद्ध बोलता येईना. सेलोर्मने नाव लिहिलं आणि मग माशी शिंकली: कंपनीला ओळखीसाठी चेहरा लागतो. दिवाणखान्यातला ओपारेमामांचा तो मोठा फोटो मी काढून आणला, धूळ पुसली, तुझ्या आईने काच ओल्या फडक्याने लखलखीत केली. सेलोर्मने त्याच्यासमोर फोन धरला. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो, का ते मला आजही सांगता येणार नाही. आमोआकोमामा हळूच म्हणाले, ‘ते आधीपासूनच हट्टी.’ फोनने पुन्हा सांगितलं, डोळे मिचकावा. फोटो जरा हलवून बघा असं आसियामा म्हणाला, हलवून बघितला, सावलीत नेला, उन्हात नेला. एवढं करेपर्यंत जेवायची वेळ झाली आणि आम्ही पुरुष मंडळी पामफळांचा रस्सा आणि कुटलेल्या फुफूचे गोळे खायला आत गेलो.

जेवून हात धुऊन बाहेर येतो तर सेलोर्म आपली हत्यारं आवरतोय. काम झालेलं होतं. आम्ही जेवत असताना तुझ्या आईने त्याला विचारलं होतं, ‘माझे डोळे चालतील का?’ ते चालले. तिने मिचकावले, बोट टेकवलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला, जी भिंत कोणाच्याच वाटणीची नाही, तिथे भोक पाडून घेतलं, आणि पेटी तिच्या खोलीत, कपड्यांच्या गाठोड्यांवर बसली. एकवीस खोल्यांच्या या घराची जोडणी आता तुझ्या आईच्या, सेरवा या नावाने आहे. आसियामा बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिला, मग मोजपट्टी खिशात घालून अक्र्याला गेला. आमोआकोमामांना मी विचारलं, हे चालेल का? ते म्हणाले, घर बायकांच्याच वंशातून चालत आलंय, आपण फक्त बैठका घेतो. यापूर्वी ते हे कधी बोलले नव्हते.

आता मुख्य बातमी, आणि ती वाईट आहे. इतकं सगळं होऊन इंटरनेट चालत नाही. कंपनीने तुला ‘जोडणी पूर्ण’ असा निरोप धाडला असेल, कंपनीच्या दृष्टीने ती पूर्ण आहे. पण पेटीवर तांबडा दिवा लागतो, हिरवा लागत नाही. कोणी म्हणतं चरावर ट्रक उभा राहिला. मला शेजारच्या बकऱ्याचा संशय आहे. त्याला वायर खाताना मी पाहिलेलं नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्या नजरेला नजर देत नाही. सेलोर्म खालच्या गावांच्या कामात अडकला आहे, ईस्टर झाल्याशिवाय वर फिरकणार नाही. म्हणूनच तू गेले तीन रविवार फोनवरून इतके प्रयत्न केलेस तरी आमचे चेहरे दिसले नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस, यात कोणाचा दोष नाही. बकऱ्याचा असला तर थोडाच.

सूनबाईला आशीर्वाद, लेओनच्या गालाला माझ्यातर्फे एक चिमटा. पाठीला शेक देत जा. घरात वडीलधारं माणूस असल्याचा त्रास तुला तिकडे नाही, तेव्हा तो पत्रातून देणारा,

तुझा मामा,
क्वासी बेडियाको

ता. क. – सेलोर्म म्हणत होता की हँबुर्गला या पेटीपेक्षा चांगली पेटी मिळते. ती मिळाली तर बघ. टपालाने मात्र धाडू नकोस, मोडेल. अशी नाजूक वस्तू माणसाने स्वतः मांडीवर घेऊन आणायची असते.

ता. क. – शिवाय अशा यंत्रांतलं लहान मुलांना फार कळतं म्हणतात. तेव्हा पेटीबरोबर लेओनलाही आणावं लागेल. मला याखेरीज दुसरा इलाज दिसत नाही.

ता. क. – वरचं पुन्हा वाचून बघितलं. आयुष्यभर खरं वजन सांगितलेल्या माणसाला हे शोभत नाही. क्वाजो, दिवा पहिल्या दिवसापासून हिरवा आहे. बकऱ्याची मी मनोमन माफी मागितली आहे. तुझी आई रोज दुपारी कुमासीच्या मैत्रिणीशी तास तास बोलते, अक्र्यातली लग्नं बघते, परवा लंडनच्या मावशीला भिंतही दाखवली. फक्त रविवारी तुझी फोनची वेळ झाली की उठते आणि पेटीची वायर भिंतीतून काढून मांडीवर घेऊन बसते. तुझी वेळ टळली की परत लावते. मी पहिल्यांदा विचारलं, हे काय? म्हणाली, ‘दिसला तर यायचा नाही.’ दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी वायर मीच काढली, कारण तिला वाकता येत नव्हतं. हे तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. पण ती आत्ता चष्मा लावून इकडेच येते आहे, आणि पेन मागते आहे.

क्वाजो, मामाने लिहायचं नव्हतं ते लिहिलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मशीन चांगलं आहे, तू मनापासून धाडलंस, मी रागावलेली नाही. दुसरी पेटी आणू नकोस. त्या काचेत सगळी माणसं खांद्यापर्यंतच दिसतात. लेओन माझ्याजवळ उभा राहिला तर माझ्या कुठपर्यंत येतो, एवढं मला बघायचंय.