डब्यांतून गेलेली पुस्तकं

२ फेब्रुवारी, रविवार. लोणी.

कालपासून माहेरी. बुधवारी स्नेहलचं वर्षश्राद्ध. माझ्या भाचीचं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, आणि आपण तिचं... असो.

दादानं रीतीप्रमाणे स्टीलचे डबे सांगितलेत, झाकणावर तिचं नाव घालून. मी म्हटलं, "तिला डबे कधी आवडले? पुस्तकं वाटू." दादा म्हणाला, "लोक म्हनत्याल, लेकीच्या नावानं एक भांडं देववलं न्हाई." तासभर वाद. शेवटी वहिनीनं तोड काढली. डबा द्यायचा, डब्यात पुस्तक द्यायचं. वाद मिटला.

दुपारभर मी आणि वहिनी डबे भरत बसलो. दोनशे डबे, दोनशे नवी पुस्तकं; दादानं सांगितलेले जादा पन्नास डबे रिकामेच ठेवले. स्ने.चं स्वतःचं कपाट बंदच आहे. वर्षभर वहिनीनं कुणाला हात लावू दिलेला नाही. किल्ली तिच्या कमरेच्या जुडग्यात.

५ फेब्रु., बुधवार

माणूस लोटला. आंबेगाव तर आलंच, जुन्नरकडूनही जिपा भरून आल्या. एक एस.टी. कंडक्टर आला होता, ओळखीचा ना पाळखीचा. म्हणाला, "ताई लई बोलायच्या. खिडकी मिळाली न्हाई तर पुढची गाडी धरायच्या." पंगतीत सगळे हसले. दादाही.

रडले थोडे, हसले जास्त. तिला असंच चाललं असतं.

६ फेब्रु., गुरुवार

घोळ झाला.

सकाळी वहिनी उदबत्ती लावायला स्ने.च्या खोलीत गेली. कपाट सताड उघडं, तीन फळ्या रिकाम्या. वहिनीच्या चुलत जाऊबाई शोभाताई चहा पीत होत्या. त्यांनाच विचारलं.

"नवी पुस्तकं सरली की! डबे व्हते शिल्लक. रिकामा डबा कसा द्यायचा पावण्याच्या हातात? कपाटात दिसली, घातली."

"कुलूप व्हतं शोभाताई."

"जुडगा तूच दिला व्हता मला, साखर काढाया."

शोभाताईंचं काय चुकलं? रिकामं भांडं आपल्याकडं कुणी देतं का? पण एकेचाळीस पुस्तकं गेली. तिची. समासात तिनं लिहिलेली. गावोगाव फिरताना जिथं वाचलं तिथलं काहीबाही प्रत्येकात.

वहिनी ओरडली नाही. एवढंच विचारलं, "त्ये निळं जाड?"

तेही गेलं.

ती कादंबरी स्ने. रोज संध्याकाळी वहिनीला वाचून दाखवायची. वहिनी भाकरी थापायची, ही चुलीशेजारी पाटावर. एकशे बारा पानं झाली होती. मग ताप आला, मग दवाखाना, मग ते राहिलंच. वहिनी सातवी शिकलेली. स्वतः वाचू शकली असती. वर्षभर उघडलं नाही. आणि आता ते कुणाच्या डब्यात आहे कोण जाणे.

९ फेब्रु., रविवार

वहिनी माझ्यासोबत पिंपरी पेंढारला, माझ्या घरी. "गोळा करू" म्हणाली. आठवून आठवून यादी केली: कुणाला शेवटी डबा मिळाला, कोण उशिरा जेवलं. सतरा नावं पक्की.

मी स्कूटी काढली. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर. माझ्या खांद्याचं मांस उपटलं जवळजवळ. "वन्सं, हळू. वन्सं, टेम्पो. वन्सं, कुत्रं." कुत्रं रस्त्याच्या पलीकडं झोपलं होतं.

पहिलं घर आमच्याच आळीतल्या सुनीताचं. डब्यात तूरडाळ. पुस्तक देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेलं.

"अगं, हे काय?"

"देवाघरी गेलेल्या पोरीचं पुस्तक. मग ठिवायचं कुटं?"

ते कोंबडीच्या रश्शाच्या पाककृतींचं निघालं. देव्हाऱ्यात! वहिनी तिच्या ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसली. वर्षानं ऐकलं हे हसणं.

१२ फेब्रु., बुधवार

आण्याचा घाट स्कूटीनं. वर वारा गार. वहिनी आता खांदा धरत नाही, सीटची कड धरते.

आण्याचे आप्पामामा, म्हणजे वहिनीचे मावसभाऊ, ओसरीवर चष्मा लावून बसलेले. हातात स्ने.चं प्रवासाचं पुस्तक. द्यायलाच तयार नाहीत.

"मंदे, बस. हे ऐक. पोरीनं लिवलंय, 'चहा भिकार, डोंगर भारी.' आन हितं बघ, 'डोसा बरा. आईचं धिरडं वरचढ.' कुटं गेलीवती ही? मैसूरला! मैसूरला जाऊन तुझ्या धिरड्याची याद!"

वहिनीनं पुस्तक घेतलं, ती ओळ स्वतः वाचली. परत मामांच्या हातात दिलं. "व्हऊ द्या तुमचं वाचून."

"मग देतोच की."

"सावकाश द्या, आप्पा."

येताना मी विचारलं, "गोळा करायला निघालो ना आपण?" म्हणाली, "कळलं की कुटं हाय. झालं."

पण निळ्याचं विचारतेच प्रत्येक दारात.

१६ फेब्रु., रविवार

एकवीस सापडली. चौदा तिथंच ठेवली. वहिनीचा नवा नियम: वाचणाऱ्याकडं राहू द्यायचं, न वाचणाऱ्याचं उचलायचं. न वाचणारे लगेच कळतात. "लई छान पुस्तक हाय हो" म्हणतात आणि डब्यातून काढायला उठतात.

माझंच चुकलं कुठंतरी, हे आज कळलं. वर्षभर मी स्ने.वर लिहायला बसत होते आणि सारखं दवाखान्यावर जात होते. इथं दारोदार ती तशी नाहीच. इथं ती हंपीच्या पायरीवर पाय भाजून घेते, केरळात छत्री विसरते, आजोबांसाठी बिनसाखरेचे पेढे शोधत अर्धा दिवस घालवते. वहिनी प्रत्येक घरी असलं एक उचलते आणि मागं बसून मला घरापर्यंत सांगते. मी दोन्ही वेळा ऐकते.

२१ फेब्रु., शुक्रवार

निळ्याचा पत्ता लागला!

आळेफाट्याच्या कापडवाल्या काकी. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब. लग्नाचे बस्ते आम्ही सगळे तिथंच बांधतो. स्ने.चा पहिला पंजाबी ड्रेसही तिथलाच. आम्ही दुकानात गेलो तर गल्ल्यावर त्यांचा मुलगा.

"निळं ना? आईनं नेलं गाडीत वाचायला. गावी गेलीय, जोधपूरच्या पुढं. भाचीचं लग्न आहे, होळी करूनच येईल."

वहिनी गादीवर बसली. त्यानं पाणी दिलं.

"मावशी, टेन्शन घेऊ नका. आईला सांगतो, कुरिअर करंल. चार दिवसांत तुमच्या दारात."

वहिनीनं पाणी संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "नगं. वाटंत गहाळ व्हईल."

बाहेर येऊन स्कूटीवर बसता बसता: "वन्सं, जोधपूर म्हंजी किती लांब?"

"रात्रभराच्या वर, रेल्वेनं."

"खिडकी मिळती का?"

२३ फेब्रु., रविवार. लोणी.

दादा भडकला. "एका पुस्तकापायी राजस्थान? याड लागलंय का? कांदा काढायला आलाय."

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "स्नेहल एकलीच जायाची तवा गावभर सांगत व्हता तुमी. माझी लेक हिकडं गेली, माझी लेक तिकडं गेली. आमी निघालो तर कांदा?"

दादा उठून मळ्यात गेला. जेवायला परत आला तेव्हा विषय नाही.

रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. दोघींचं. वेटिंग.

२७ फेब्रु., गुरुवार

काकींशी फोन झाला. स्पीकरवर.

"मंदाताई, काय पुस्तक आहे हो! स्टेशनात उतरायचं विसरले असते. माझं संपतच आलंय, ती शेवटी त्या..."

वहिनी ओरडली, "सांगू नगा! एकशेबारा पानाच्या फुडचं काय बी सांगू नगा!"

काकी हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "पान दुमडलेलं होतं. मी तसंच ठेवलंय. माझी खूण वेगळी."

फोन ठेवल्यावर वहिनी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

३ मार्च, सोमवार

वेटिंग एकतीसवरून अकरावर. वहिनी दिवसातून चारदा फोन करते, "कितीवर आलं?" अजून पक्कं नाही, होईल का तेही सांगता येत नाही. तरी तिनं चटणी कुटून ठेवली आहे. दादा हो म्हणत नाही. पण काल चहा पिताना विचारत होता म्हणे, गाडीत जेवण मिळतं का नीट.

दुपारी वहिनी माझ्याकडंच होती, तेव्हा काकींचा फोन. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ उद्या निघून थेट आळेफाट्याला येतायत. "पुस्तक त्यांच्याकडं देते. हातोहात, गहाळ व्हायची भीती नाही. तुमची दगदग वाचली."

मी वहिनीकडं बघितलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काकी, त्या पावण्यांना मोकळ्या हातानंच यिऊ द्या."