झाकणावरचे थेंब

१२ ऑक्टोबर १९४९

तामोत्सु यांना त्सुयाचा नमस्कार.

मैझुरू बंदराला तुमचं जहाज लागल्याची तार मिळाली. इकडे सगळे खुशाल. भाताची कापणी उरकत आली. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरतो.

मामंजी म्हणाले, “लिही, सायबेरियातून आलायस, दमला असशील. महिनाभर ओसाकाला काकांकडे आराम कर.” वर मला म्हणाले, “तुझं अक्षर तो ओळखतो, तूच लिही.” झालं त्यांचं लिहून. आता माझं.

तुम्ही लढाईत गेल्याचा निरोप आला तेव्हा सोबत पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी होती. हलवली तर आत खडा वाजला. मी म्हटलं, उघडा. मामंजी खेकसले, “अस्थी उघडून बघतात का कुणी!”

तुम्ही घर सोडल्यापासून तोवर मी रोज तुमच्या नावाचं पान वाढत होते. आमटीच्या वाटीचं झाकण उचललं आणि आतून थेंब दिसले की माणूस जिवंत, हे सासूबाईंनीच शिकवलेलं. शेजारणींना बोलावून दाखवायच्या. पेटीनंतरही थेंब यायचेच. दाखवले तर म्हणतात, “गरम आमटीवर झाकण ठेवलं की थेंब येणारच, वेडे!” हे शहाणपण आधी कुठे गेलं होतं?

त्यांनी पान बंद केलं, कारण मला उजवायची घाई होती. शेतावर राबणारी सून बाहेर कशी जाऊ द्यायची? तुमच्या धाकट्या भावाच्या, शोकिचीच्या गळ्यात मला बांधलं. ना त्याला विचारलं, ना मला. तो बिचारा कितीतरी दिवस माझ्याकडे मान वर करून बघत नव्हता. आम्हाला मुलगी आहे, हात्सुए. आता चालायला लागली आहे.

तार आली तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले. आधी आनंदाने, मग संतापाने.

काल शेकोटीभोवती बैठक बसली. पलीकडच्या गावातल्या एका विधवेशी लग्न लावून तुम्हाला तिच्या घरी घरजावई म्हणून द्यायचं ठरलं. शेती आहे म्हणे, सुखात राहील! मी चहा देत होते. म्हटलं, “त्यांना विचारलंत?”

“बायकांनी चहा बघावा,” मामंजी म्हणाले.

मी अख्खी किटली शेकोटीत ओतली. राख उडून सगळ्यांचे चेहरे पांढरे झाले, खोकत बसले. फार बरं वाटलं मला.

ओसाकाला जाऊ नका. घरी या. जे सांगायचं ते तुमच्या तोंडावर सांगू दे त्यांना. तुम्ही मला टाकलंत तरी चालेल, शोकिचीने टाकलं तरी चालेल. हात्सुएला घेऊन मी मजुरीला जाईन. पण या वेळी माझ्या पाठीमागे काही ठरायचं नाही. गाडी कळवा. मुलीला पाठीशी बांधून मी स्टेशनवर उभी असेन. गाव बघतं तर बघू दे. घरी पाऊल टाकायच्या आधी, मला काय हवंय ते मला विचारा.

कुणाची, ते मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून नुसतीच

त्सुया