दारफाळणीचं दार

सातारा,
९ ऑक्टोबर १९७३

ती. मिलकाआक्कास धाकट्या बिन्यामीनचा स. न. वि. वि.

शनिवारी दारफाळणीचा उपास इथे नीट पार पडला. आपल्या रिवाजाप्रमाणे दिवसभर दार लावून, पांढरे कपडे घालून देवाकडे वर्षभराची माफी मागत बसलो. संध्याकाळी दार उघडतो तोच शेजारचे सुभेदार लालासाहेब रेडिओवरची बातमी घेऊन आले. इस्राएल आणि अरबांची लढाई जुंपली आहे. तेव्हापासून डोक्यात तुझाच विचार.

आक्का, तू एकटी बाईमाणूस, बागवान गल्लीत, सगळी वस्ती मुसलमानांची. आजवर त्यांनी तुला जपले, हे मला मान्य. पण आपली ज्यूंची दोन घरेसुद्धा तासगावात नाहीत. एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर एक पितळी कुलूप पाठवतो आहे. ते दाराला घाल, किल्ली घरमालक नानासोंकडे दे आणि सरळ साताऱ्याला निघून ये. सुईणपण खूप झाले.

माझ्यावर रागाव, पण ये. लोभ आहेच, तो जवळ येऊन करावा.

तुझा,
बिन्यामीन


तासगाव,
१७ ऑक्टोबर १९७३

चि. बिन्यामीनास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुलूप पोचलं. लय जड हाय. चोर आला तर त्याच्या डोक्यात घालायला बरं.

तुला वाटतंय ते अगदीच खोटं न्हाई. वर्षातनं एक दिवस मी दार लावते, हे गल्लीला तीस वर्षं ठाऊक. पण चौकात एक नवा कापडवाला आलाय, त्याला कुठलं ठाऊक? त्यानं उठवलं की सुईणबाई दार लावून रेडिओवर लढाई ऐकत होती, आतल्या आत खुशी करत होती. माझ्याकडं रेडिओ न्हाई, आणि उपाशी पोटी कसली खुशी रं? दुसऱ्या दिवशी शिळा सण, नेहमीसारख्या गोड पुऱ्या घरोघर वाटायला घेऊन निघाले, तर तीन घरांनी दार उघडलं न्हाई. त्यातल्या दोन घरची पोरं माझ्या हातावर झालेली. मला लय लागलं ते.

खरी काळजी हसीनाची. दस्तगीर बागवानाची सून. दिवस भरत आलेत आणि पोर आडवं हाय. रोज तेल लावून हळूहळू फिरवावं लागंल. पण कापडवाल्यानं दस्तगीरला निरोप धाडलाय, त्या बाईचा हात लागला तर ईदेला तुझ्या पंगतीला कोण बसणार न्हाई. दस्तगीर तर रोजा धरतो, बागेत जातो, माझ्याकडं बघत न्हाई. बोलावणं आलं न्हाई तर तू म्हणतोस तशी येईन. मग इथं राहून करू तरी काय? तवर कुलूप फडताळात ठेवते.

पोरांना मुके. मायेनं लिहितोस, तसंच लिहीत जा.

तुझी,
आक्का


तासगाव,
२५ ऑक्टोबर १९७३

बिन्यामीनभाऊंस दस्तगीर बागवान याचा सलाम. वि. वि.

मी सांगतो तसं मिशन शाळेचे भोरे मास्तर लिहितात, कारण माझं अक्षर मलाच लागत न्हाई.

आक्कांना वाटलं मी भ्यालो. भ्यालो न्हवतो, शुक्रवारची वाट बघत होतो. नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर बोललो. लढाई तिकडं लांब चाललीया. माझी तिन्ही पोरं या बाईनं काढली, तिसऱ्याच्या वेळी घरवाली हातची जात होती, ती राखली. तिच्याशी वैर धरायला मला कुठल्या किताबात सांगितलंय, ते दाखवा. ज्याला माझ्या पंगतीला बसायचं न्हाई त्यानं बसू नये, शिरखुर्मा आमी दोनदा खाऊ. मग पायरी उतरून घरी आलो.

तिथनं आमची घरवाली हुसेनबी आणि मास्तरांची दयाबाई आक्कांना आणायला गेल्या. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. जवळची बोळ सोडून मुद्दाम भर बाजारातनं, कापडवाल्याच्या दुकानावरनं आल्या. आक्कांनी पाच दिवस खपून पोर फिरवलं. काल दुपारी नात झाली. आवाज आजीचा घेतलाय.

आक्कांना न्यायला येऊ नका. भेटायला या, ईदेला या. (हे मास्तरांचंही मत आहे. य. भोरे.)

आपला घरोबा राखावा.

दस्तगीर बागवान


तासगाव,
२७ सप्टेंबर १९७४

चि. बिन्यामीनास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दारफाळणी झाली. औंदाही रोज्यातच आली. पहाटे दार लावून बसले, तर थोड्या वेळानं ओट्यावर खोकला ऐकू आला. दस्तगीर आणि मास्तर सतरंजी टाकून बसलेले. गेल्या वर्षी बंद दारावरनं गावभर झालं, म्हणून औंदा येईल त्याला सांगायचे, आज बाईंचा मोठा उपास हाय, त्या देवापुढं बसल्यात, उद्या या. कापडवाला दोनदा गेला, तर त्यालाही हाका मारून सांगितलं. आत मी उपाशी, बाहेर दस्तगीर उपाशी. मास्तर मात्र चोरून शेंगा खात होते, टरफलं फुटल्याचं मला आत ऐकू येत होतं. संध्याकाळी दार उघडलं आणि दोघांकडं बघून मला रडू आलं. मास्तरांना वाटलं, शेंगांमुळं.

गेल्या साली न उघडलेल्या तीन दारांपैकी दोन उघडली. तिसरं अजून बंद हाय. आज शिळा सण, पुऱ्या तळून झाल्यात. पहिल्यांदा त्याच दारावर जाते. औंदा न्हाई उघडलं तर पुढच्या वर्षी जाईन. मी कुठं जात न्हाई.

दार मी देवासाठी लावते, तेही एकच दिवस. तुझं कुलूप दस्तगीरच्या बेदाण्याच्या कोठीला दिलंय.

लोभ हाय तसा ठेव. कुलूप मागू नकोस.

तुझी,
आक्का