गाडीच्या सीटवरचा ओरखडा

सोमवार, ३ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल गाडीतून येताना चिमणी माझ्या मांडीवरून उतरून सीटवर उभी राहिली आणि तिच्या बुटाच्या बकलनं सीटच्या पाठीवर ओरखडा उठला. पुढची सीट, ह्यांच्या शेजारची. चांगला वीतभर. तपकिरी चामड्यात पांढरी रेघ. ह्यांचं लक्ष रस्त्यावर होतं म्हणून वाचलो. मी ओढणी टाकली त्याच्यावर, उतरल्यावर दार पटकन लावलं.

गाडी जुनीच घेतलीय, पण घरात आल्यापासून सवत परवडली! महिन्यापूर्वी चिमणीनं समोरच्या काळ्या प्लास्टिकवर चमचा घासला होता. बारीक चरा. तर हे दर रविवारी बाटलीतलं कसलंसं औषध लावून तो चोळत बसतात. पोरीच्या अंगाला कधी तेलाचा हात लावला नाही. आणि तेव्हापासून नियम – गाडीत बसायचं तर पोरीच्या हातात मोजे. अडीच वर्षांची पोर हातात मोजे घालून बसते. शेजारची बाई हसली, तिला वाटलं आमचा काही खेळ आहे.

हातांचा बंदोबस्त केला. पायांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ह्यांना दिसलं तर काय करतील, ते लिहवत नाही.

मंगळवार, ४ मार्च

झालं काम!

हे कंपनीच्या बसनं जातात, गाडी झाकून दारात उभी. सासूबाई जेवून आडव्या झाल्या तशी किल्ली घेतली. चामडं मला नवीन नाही. बाबा चपला-बूट शिवायचे, आता दादा शिवतो. शाळा सोडल्यावर मीही दुकानातच बसायचे. चरा गेलेला बूट बाबा कसा करायचे ते हाताला पाठ आहे. ओल्या फडक्यानं पुसला, अंगठ्यानं कडा दाबून बसवल्या, वर ह्यांच्याच डबीतलं तपकिरी पॉलिश. सुकू दिलं. पुन्हा एक हात. मग जुन्या बनियननं चोळ चोळ चोळलं.

रेघ कुठे होती ते मलाच सापडेना. बाबा असते तर म्हणाले असते, पोरीचा हात बसला.

चिमणी दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, बाबांना सांगायचं नाही हं. तिनं तोंडावर हात ठेवला. एवढ्याशा जिवाला काय काय शिकवते मी.

बुधवार, ५ मार्च

कुणाला काही कळलं नाही. मी पोटभर जेवले.

गुरुवार, ६ मार्च

कळलं.

आज ह्यांनी मिरवायला म्हणून गाडी कामावर नेली. येताना मोठ्या साहेबांना घरी सोडलं. पुढच्या सीटवर बसवून. साहेबांचा पांढरा शर्ट. उतरले तर पाठीवर हा एवढा तपकिरी पट्टा! फाटकात त्यांची बायको, जावई, सगळे उभे. त्या पट्ट्याकडे बघत राहिले म्हणे.

बुटाला कुणी पाठ लावून बसत नाही. एवढी साधी गोष्ट, माझ्या डोक्यात आलीच नाही. उन्हात तापलं असेल, सुटलं, खालची पांढरी रेघ उघडी पडली.

हे घरात आले ते आवाज न करता आले. माझी मान धरून बाहेर नेलं आणि तोंड सीटवर दाबलं.

"हुंग. कसला वास येतोय, सांग."

मी म्हटलं, पॉलिशचा.

"चपला शिवणाऱ्याची पोर ती. माझी गाडी म्हणजे तुझ्या भावाची टपरी वाटली का?"

चिमणी उंबऱ्यात रडत होती. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मोबाईल काढून घेतला. नाकातून रक्त आलं, पण सीटवर पडू दिलं नाही. ते आधी पुसलं मी. बघा माझी अक्कल.

शुक्रवार, ७ मार्च

दिवसभर एक शब्द नाही. मारलं असतं तर बरं, असं वाटायला लागलंय.

शनिवार, ८ मार्च

चिमणीला नणंदेकडे ठेवायचं ठरलंय. शाळेत घालेपर्यंत, गाडीला पुन्हा तिचा पाय लागायला नको म्हणून. ठरलंय म्हणजे ह्यांनी ठरवलं आणि सासूबाईंनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. उद्या सकाळी हे घेऊन जाणार. मी जायचं नाही.

नणंद स्वतःच्या पोरांना न्हाणीघरात कोंडते, दिवा बंद करून. हसत हसत सांगते, आमची कशी शिस्तीत आहेत. थोरला अजून अंथरूण ओलं करतो.

सासूबाईंचे पाय धरले. म्हणाल्या, "पोर काय परक्याकडे चाललीय? रडून दाखवू नकोस. तुझ्याच हातानं झालंय."

ह्यांना म्हटलं, मला काय करायचं ते करा, तिला ठेवा. हे गाडीत होते. सीटवर जाड प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीनं बसवत होते. पोर बसणार म्हणून. म्हणाले, जरा ते टोक धर. मी धरलं!

शेजारणीकडे फोन मागायला निघाले तर फाटकाला कुलूप.

रविवार, ९ मार्च

गाडीतून लिहितेय. तो अंघोळीला गेला तशी किल्ली घेतली, चिमणीला उचललं, आत बसून दारं लावून घेतली. किल्ली एकच आहे, ती माझ्याकडे. गाडी चालवता येत नाही मला.

तो बाहेर उभा आहे. हातात हातोडी. पण काच फोडायला हात उठत नाही त्याचा. दारावर मूठसुद्धा आपटत नाही. आपल्या गाडीवर कोण आपटेल? घराचं दार मात्र त्यानं मागे लाथेनं फोडलं होतं. आज ह्या घरात आम्हाला लपायला हीच एक जागा.

प्लास्टिक फाडून टाकलंय. माझ्या हातात स्वयंपाकघरातली कात्री आहे, टोक सीटवर टेकवलंय. त्याला दाखवलं. म्हटलं, एक पाऊल पुढे आलास तर इथून तिथपर्यंत ओढीन. मागे सरकला. खरंच सरकला.

सासूबाई त्याला सांगताहेत, ऊन चढू दे, आपोआप बाहेर येईल.

गाडी फाटकाला अगदी लागून उभी आहे, रस्त्याकडची काच थोडी खाली केलीय. कुणी जाताना दिसलं की हे पान फाटकाच्या फटीतून पलीकडे टाकते. ज्याला मिळेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर मागे लिहिलाय. दुकान उघडं असेल. म्हणावं, गाडी घेऊन ये, चिमणीला तहान लागलीय.