ह्यांचे अकरा कडे

१२ नोव्हेंबर
२१ डिसेंबरला ह्यांना जाऊन वर्ष होईल. मराठी मंडळ त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावतंय. कारखान्यातून दहा दिवस रजा काढून दर डिसेंबरला सह्याद्रीत कडे चढायला जायचे. दर वर्षी एक मोठा फोटो. अकरा झाले, एकाखालीही नाव नाही. नावं मी देणार. दोन दिवसांचं काम.

१३ नोव्हेंबर
सेक्रेटरी शशिकलाताई म्हणाल्या, सगळ्यांखाली 'पहाड' लिहून टाका, समजतं. तीस वर्षं इथे हिंदी मुलखात, सोनागिरीत राहून बाईंचं मराठी भाजीवाल्याला कळेल एवढंच उरलंय.

२० नोव्हेंबर
शब्दकोश आणला. मी सातवी, पण वाचनात मंडळातल्या एम.ए.वाल्यांना ऐकणार नाही. उभा तुटलेला तो कडा. एकटा टोकदार तो सुळका. ढासळणारी ती दरड. पोटात खोल गेलेली ती कपार. सोपं आहे.

२ डिसेंबर, दुपार
पाच फोटोंची नावं झाली. अडले नाहीये, विचार करतेय. ह्यांच्या कडे चढणाऱ्या ग्रुपमधल्या सत्यजितचा गोविंदपुऱ्याहून फोन. नावं सांगायला येऊ का, विचारत होता. नको म्हटलं. दोर ओढणाऱ्यांना शब्दांतलं काय कळतं?

१४ डिसेंबर
'भृगू' सापडला. जुना शब्द, अर्थ उंच कडा. धुक्यातल्या फोटोखाली लावला. मंडळात कोणाला येत नसणार. समजावून सांगेन.

१९ डिसेंबर
अकरा फोटो, अकरा शब्द. ह्यांनी आयुष्यभर नुसते दगड पाहिले. त्यांना बोलतं मी केलं.

२१ डिसेंबर, रात्री
प्रदर्शनात सत्यजित पाट्या वाचत शेवटपर्यंत गेला, परत पहिल्यापाशी आला. मी विचारलं, कसे वाटले शब्द. तो म्हणाला, "वहिनी, हा सगळा एकच कडा आहे. कधी धुक्यात, कधी जवळून, कधी बाजूनं. सुभाषला उंचीची भीती वाटायची. आम्ही वर जायचो, तो खाली खिचडी लावून आमची वाट पाहत बसायचा. तिथूनच फोटो."
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"तोच म्हणायचा, हिला सांगू नका. हसेल."
हसलेच असते.
लोक गेल्यावर पाट्या काढायला घेतल्या. शशिकलाताईंनी टाचण्या धरायला हात पुढे केला.